तक्रार नसल्याचं पत्र

शहराचं सांडपाणी ज्या केंद्रात जातं तिथून पाणी एकीकडे निघतं आणि गाळ मागे उरतो. तो गाळ उचलायचं कंत्राट माझं. कोणत्या शहराचं ते सांगत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठल्याही गटाराजवळ उभे राहा, वासावरून फरक सांगता येणार नाही.

गाळ यंत्रात पिळला की त्याच्या ओल्या वड्या पडतात. त्यांना सगळे केक म्हणतात. त्यावर हसायचं आम्ही केव्हाच सोडलं.

टेंडरमध्ये एक अट होती. काही गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचा आणि त्यांचं संमतीपत्र आणायचं. आता अंबरनाथच्या आसपास शेतकरी शोधायचा म्हणजे आधी बिल्डरला विचारायला हवं. मला एकच नाव आठवलं, माझी सख्खी आत्या. कुळगावच्या पुढे तिची थोडी जमीन आहे आणि बांधावर जांभळाची झाडं. बदलापूरची जांभळं म्हटलं की लोक चार पैसे जास्त देतात, आणि आत्या स्टेशनबाहेर बसून पळसाच्या पानात वाटे लावून ती विकायची. मुलगा आणि सून दोघंही अंबरनाथला कामाला, त्यामुळे सहा वर्षांची नात दिवसभर तिच्याजवळ असायची.

मी पहिला डंपर घेऊन गेलो तेव्हा आत्याने ढिगात काठी खुपसून वास घेतला.

"पोर ह्याच झाडांखाली खेळते," ती म्हणाली. "शेणखतासारखंच हाय ना रे?"

"त्याहून भारी आहे, आत्या."

तिने सही केली. भावाचा मुलगा खोटं कशाला बोलेल?

खरं काय होतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं? तपासणीसाठी नमुना घ्यायची वेळ आली की केंद्रावरचे साहेब फाटकाजवळच्या वाफ्याकडे बोट दाखवायचे. त्या वाफ्यात आम्ही निवडलेला, उन्हात कडकडीत वाळवलेला गाळ राखून ठेवायचो. रिपोर्ट नेहमी चांगला यायचा. डंपर मात्र मागच्या ढिगांतून भरायचे, आणि त्यांना वेगळाच उग्र वास होता, डोळे चुरचुरायचे. गटारात फक्त घरांचं पाणी येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात आणखी काय येतं हे मला आजही माहीत नाही. माहीत होऊ नये याची मी काळजी घेतली होती. साहेबांनी त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी शेणखत विकत आणलं होतं, एवढं मात्र मी पाहिलं होतं, कारण ते पोचवायला मीच गाडी दिली होती.

दुसऱ्या वर्षी झाडं अशी लगडली की फांद्या वाकल्या. आत्याने माझ्या घरी टोपली पाठवली. बायकोने धुवायला घेतली तेव्हा मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि खालच्या वॉचमनला देऊन टाकली. वॉचमनलाही लेकरं आहेत. हे मला टोपली देताना आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

त्याच मे महिन्याच्या शेवटी कंत्राट वाढवायची वेळ आली. ऑफिसला आता दुसरा कागद हवा होता. ज्यांनी खत घेतलं त्यांची काही तक्रार नाही असं पत्र, सहीनिशी. मी ते टाईप करून स्कूटरवरून आत्याकडे गेलो. तिने कागद घेतला, बाजूला ठेवला आणि आत जाऊन जांभळांचं ताट भरून आणलं. वर मीठ भुरभुरलेलं.

"खा," म्हणाली.

मी म्हटलं, मला शुगर निघालीय. जगात इतकी फळं आहेत आणि मी ही थाप जांभळांपुढे मारली. आत्या हसली.

"शुगरवाल्यांनाच तं जांभळं खायला सांगतात रे. तुझा बाप बिया वाळवून त्याची पूड घ्यायचा."

मी ताट तिच्याकडे सरकवलं. मग तिचं हसू गेलं. ती हळू आवाजात सांगू लागली. त्या खताचा वास तिला पहिल्या दिवसापासून बरा वाटला नव्हता. या मोसमात तिने नातीला एकही जांभूळ खाऊ दिलेलं नव्हतं. पोर रोज रडायची, झाडाखालची वेचून लपवायची, मार खायची.

"पण स्टेशनवर विकलीस ना?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. विकली होती, रोज, टोपल्याच्या टोपल्या. मला त्या क्षणी तिचा राग आला, आणि बरंही वाटलं. आत्या शेवटी आमच्याच घरातली होती.

"तू खा," ती परत म्हणाली. "तू खाल्लंस तं मी समजेन."

पत्र तिच्या मांडीजवळ पडलं होतं. मी एक जांभूळ उचललं. गोड होतं, इतकं गोड की जिवाला लागलं. मग दुसरं, तिसरं. मी पटापट खात गेलो आणि बिया अंगणात थुंकत गेलो. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. ताट अर्धं झालं तसा तिचा चेहरा सैल पडला. तिने पेन मागितलं आणि सही केली, खाली वळणदार रेघ ओढून.

मग तिने घरात हाक मारली, "ये गं बाय. काकानी खाल्ली बघ. आता तूपण खा."

पोर धावत आली आणि उरलेल्या ताटावर तुटून पडली. दोन्ही हातांनी खात होती. नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. तो मी बोललो नाही, आणि का नाही बोललो हेही मला नीट माहीत आहे. ताट संपल्यावर तिने मला जीभ काढून दाखवली, मग माझी बघायला मागितली. मी दाखवली. दोघांच्याही जांभळ्या झाल्या होत्या आणि ती खूश झाली.

अंबरनाथकडे येताना रस्त्याच्या कडेला मी स्कूटर थांबवली. आधी शर्टाच्या खिशातलं पत्र काढून डिकीत ठेवलं, खराब होऊ नये म्हणून. मग घशात दोन बोटं घातली आणि खाल्लेलं सगळं काढून टाकलं.