घरची मॅच आणि पाटलांचा सडा

मॅच एकच झाली, पण खेळलेले अकरा जण असले की तिच्या अकरा मॅची होतात. आम्ही शहाद्याच्या एस.टी. स्टँडसमोर चहाला बसलो की प्रत्येकाला आपलाच गोल आठवतो, आणि झालेला गोल तर एकच. मी गोलकीपर होतो. मला गोल मारायचाच नव्हता, तेव्हा माझं तेवढं खरं धरा.

*

साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेज इतकं नवं की भिंतीला टेकलं की शर्टाला चुना लागायचा. खेळाला टिपणीस सर होते, पुण्याकडचे, टेंपररी. पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट सर रोज सकाळी खडूने पांढरे करायचे. आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून फिरणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला.

आम्हाला ग्राउंड नव्हतं, त्यामुळे सगळ्या मॅची बाहेर. पहिली धुळ्याला. चार गोलांनी मागे होतो. शेवटी आमच्या भिकनने कसाबसा एक मारला. रेफ्रीने शिट्टी दिली, आम्ही नाचायला लागलो. तेवढ्यात सर लाइनवरून आत आले आणि रेफ्रीला म्हणाले, "बॉल याच्या हाताला लागला होता. मी पाहिलं."

गोल रद्द.

परतीच्या गाडीत दोंडाईचा येईपर्यंत भिकन तोंड फुगवून बसला. मग म्हणाला, "सर, एकच तर गोल व्हता."

"म्हणून तर नीट लक्षात राहिला," सर म्हणाले.

*

मग गॅदरिंगच्या आठवड्यात धुळ्याची टीम आमच्याकडे येणार असं ठरलं. आमची पहिली घरची मॅच. प्रिन्सिपल साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते हेडक्लार्कने भिकनला सांगितलं आणि भिकनने गावाला. घरी तरी जिंका, नाहीतर जूनपासून फुटबॉल बंद आणि व्हॉलीबॉल सुरू. व्हॉलीबॉलला सहाच पोरं लागतात, आणि ते गणिताचे सर फावल्या वेळात शिकवतील.

म्हणजे टिपणीस सरांना नारळ. सरांनी नुकतीच बायको-मुलगी शहाद्याला आणली होती. मुलीला शाळेत घातलं होतं, ती आमच्यासारखीच अहिराणी बोलायला लागली होती.  सरांनी फक्त सकाळची प्रॅक्टिस साडेपाचला केली. मला फार वाईट वाटलं, आणि साडेपाचला उठायचं म्हणून आणखी वाईट वाटलं.

*

ग्राउंड दिलं दगा पाटलांनी. दगा हे नावच. गावाबाहेर त्यांचं वावर, कापूस निघालेला, पऱ्हाट्या उपटलेल्या. स्वतः बैल जुंपून त्यांनी ते सपाट करून दिलं. मग रोज संध्याकाळी बांधावर बसून प्रॅक्टिस बघायचे. बाकी दहा जण पळताहेत आणि मी बांबूच्या दोन खांबांमध्ये उभा, हे त्यांना बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांना विचारलंच.

"हाऊ एकलाच काबर उभा ऱ्हास?"

सरांनी गोलकीपर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मन्हाकडे मजुरीले ऱ्हाता, तं दुपारलेच घर धाडता."

पुढे कितीही गोल अडवले तरी पाटलांच्या लेखी मी कामचुकारच राहिलो.

*

आमचा खरा खेळाडू जयसिंग. डोंगरातल्या काठी गावाच्या वरच्या पाड्यातला. घरी पावरी बोली, आमच्याशी पुस्तकातलं मराठी. हरणासारखा पळायचा, अनवाणी. सरांनी त्याच्यासाठी खटपट करून बूट मिळवले. जयसिंगने ते घातले आणि दहा मिनिटांत तीनदा पडला. मग नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले आणि पुढची प्रॅक्टिस तशीच केली.

"जयसिंग, बूट पायात घाल," सर ओरडले.

"सर, बुटांत माझ्या पायांना काही दिसत नाही."

सरांनी परत कधी आग्रह केला नाही.

*

मॅचची दवंडी खापर गावच्या बाजारापर्यंत गेली. दवंडीवाल्याने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. त्याने आपल्या सवयीने 'शहाद्याले मोठी दंगल शे' असं पुकारलं. आदल्या दिवशी खापरहून दोन पहिलवान लंगोट-बिंगोट घेऊन हजर.

"जोड कोनासंगे?" थोरल्याने विचारलं.

आता यांना परत कसं पाठवायचं? सरांनी त्यांना घरी जेवायला नेलं. दोघांनी मिळून तेवीस भाकरी खाल्ल्या असं सरांची मुलगी शाळेत सांगत होती. सर म्हणाले, "पाहुणे आहात, उद्या लाइनवर बसा. काही लागलं तर सांगू."

*

मॅचच्या दिवशी सकाळी वावरावर गेलो. सगळ्या ग्राउंडभर पाणी फिरलेलं. काळी माती भिजली की काय होते ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पाय टाकला की पिंढरीपर्यंत आत, आणि काढला की दोन-दोन शेर चिखल बरोबर.

भिकन पाटलांच्या अंगावरच गेला. "पाटील, हाई काय करी ठेवं?"

पाटील बांधावर तंबाखू मळत बसले होते. शांतपणे म्हणाले, "पाहुना येनार शेतस. सडा नको का टाकाले?"

सडा अंगणात तांब्याने टाकतात, विहिरीवरचं इंजिन लावून नाही, हे त्यांना कोण सांगणार? भिकन डोक्याला हात लावून बसला. सर आले, चिखल बघितला. त्या दिवशी सरांच्या पायात साध्या चपला होत्या, त्याही त्यांनी बांधावर काढल्या.

धुळ्याची टीम नवेकोरे बूट घालून उतरली. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "इथे खेळायचं?"

सरांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. "ग्राउंड ओलं असू नये असं यात कुठे आहे ते दाखवा. मॅच रद्द करतो."

कॅप्टनने पुस्तक चाळलं. तसं कुठे नव्हतं. रेफ्री म्हणून सरांनाच त्यांनी आनंदाने मान्य केलं. स्वतःच्या टीमचा गोल रद्द करवणारा माणूस, त्याच्यावर कोण शंका घेणार?

*

मॅच झाली म्हणायची. धुळ्याचे लोक रुतत होते आणि खापरचे पहिलवान त्यांना काखेत धरून उपटून काढत होते. थोरला दर खेपेला विचारायचा, "हाई चीत धरतस का?" आम्ही अनवाणी, लहानपणापासून याच मातीत वाढलेलो. जयसिंगच्या पायांना त्या दिवशी सगळं दिसत होतं. हाफटाइमच्या आधी त्याने गोल मारला.

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि सरांनी शिट्टी मारली. भिकनच्या हाताला बॉल लागला होता. परत भिकनच. पेनल्टी, आमच्याविरुद्ध. भिकन रडकुंडीला आला. "सर, जूनचा तरी विचार करा."

"लागला की नाही?"

"लागला."

"मग बाजूला हो."

धुळ्याच्या कॅप्टनने लांबून धावत येऊन सगळा जोर लावून लाथ मारली. बॉल चिखलात होता तिथेच राहिला. बूट सुटून सरळ माझ्याकडे आला. मी झेप घेऊन तो छातीशी धरला. बांधावरून पाटील पहिल्यांदाच म्हणाले, "आते करं काम."

एक-शून्य. फुटबॉल राहिला, सर राहिले. पाटलांना मात्र गावाने 'सडावाले पाटील' करून टाकलं. येताजाता जो तो विचारायचा, "पाटील, आज कोठे सडा?" भिकन तर फारच चिडवायचा. पाटील ऐकून घ्यायचे आणि तंबाखू मळायचे.

*

तीन वर्षांनी सरांना पुण्याकडे कायमची नोकरी मिळाली. स्टँडवर आम्ही सगळे निरोपाला गेलो. सामान टपावर चढलं, सर खिडकीशी बसले. शेजारी बायको आणि मुलगी. तेवढ्यात दगा पाटील गर्दीतून पुढे आले. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते खिडकीतून आत दिलं.

सरांनी कागद सोडला. कॅनव्हासचे बूट. घोट्यापर्यंत काळी माती वाळून दगड झालेली.

"सर, ह्या तुमना बूट," पाटील म्हणाले. "मॅचना आदला दिन सांजले तुम्ही पाट फोडीसन वावरमा पानी सोडाले उनथात, तवय मन्हा खळामा ऱ्हाई गयथात."

आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. भिकन तर खिडकीला लटकलाच.

सरांनी बूट परत कागदात नीट गुंडाळले, मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "कंडक्टर, सोडा गाडी."