पंचवीस मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नानाचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. आरशासमोरच्या भिंतीवर गोल घड्याळ असायचं. दुसऱ्या खुर्चीत गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रंच बसतात. फार पूर्वी नानाच्या गप्पांपायी एका गिऱ्हाइकाची गाडी चुकली आणि नोकरीची मुलाखत हुकली. तेव्हा नानाने काटा पंचवीस मिनिटं पुढे सरकवला, तो कायमचा. गिऱ्हाईक घड्याळ बघून दचकायचं आणि नाना म्हणायचा, "बसा हो, अजून पंचवीस मिनिटं शिल्लक आहेत." हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला होता की त्यावर हसणं हा दाढीचाच एक भाग झाला होता.

नाना माझा विद्यार्थी. हुशार नव्हता, चिवट होता. गणित सांगून झालं की सगळा वर्ग माना डोलवायचा आणि हा एकटा उभा राहायचा. "सर, पुन्हा सांगा." समजल्याचं सोंग त्याला कधी जमलं नाही.

नानाच्या दुकानापासून पाच मिनिटांवर दोघी बहिणींचं बटणांचं दुकान होतं. थोरली आणि धाकटी, दोघीही बिनलग्नाच्या, साठी उलटलेल्या. शर्ट नुसता दाखवला की थोरली न बघता मागच्या शंभर खणांतला नेमका खण ओढायची. धाकटी बटण लावून देता देता सगळ्या घराची चौकशी करायची. दुकानाच्या वरच दोघी राहायच्या. एका साध्या कामाच्या दिवशी सकाळी, कुणीतरी वर जाऊन दोघींना मारून टाकलं. काही चोरलं नाही. घरातलं भांडंसुद्धा हललं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. शेजारी शेजाऱ्याला दाराच्या फटीतून बघू लागला. 'दोघींचं कुणाशी वैर नव्हतं,' असं म्हणायलाही लोक घाबरायचे, कारण मग ते कुणाच्याही घरी होऊ शकत होतं. कारण हवं होतं. आणि तिसऱ्या दिवशी ते मिळालं. पोलिसांनी भाच्याला धरलं.

भाचा म्हणजे या दोघींच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. मालाच्या गोदामात नोकरीला. तिरसट माणूस, तोंड उघडलं की भांडण. महिन्याभरापूर्वीच घराच्या वाटणीवरून रस्ता ऐकेल एवढ्या आवाजात मावश्यांशी भांडला होता. त्याचं नाव आलं आणि आमच्या रस्त्याने सुटकेचा श्वास सोडला, हे मी लपवत नाही.

वेळा अशा होत्या. समोरची शिवणकाम करणारी बाई शाळेची आठची घंटा होत असताना खिडकीतल्या थोरलीशी बोलली होती. साडेआठला झाडलोट करणारी बाई वर गेली, तेव्हा सगळं संपलं होतं. भाचा म्हणत होता, "मी आठला नानाच्या खुर्चीत होतो." बाहेरगावाहून नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी नानाला बोलावून विचारलं, तो खुर्चीत कधी बसला? नानाने डोळे मिटले, मनातल्या भिंतीवर बघितलं आणि सांगितलं, "आठ पंचवीस." सही केली.

म्हणजे मधली पंचवीस मिनिटं भाचा कुठे होता, हे सांगायला कुणी नव्हतं.

नाना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज उतरायचा. "मानेवर घामाचा थेंब नाही, सर. वस्तरा गळ्यावर असताना घोरायला लागला. दोन जीव घेऊन आलेला माणूस असा झोपतो? मी रोज विचार करतो, याचं काळीज कशाचं बनवलंय?" त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. आम्ही माना डोलवत होतो. आणि त्या घड्याळाचा विनोद पाठ असलेल्या आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्याही.

दीड महिन्याने सकाळी मी नानाच्या खुर्चीत बसलो होतो. त्याने पांढरा कपडा माझ्या गळ्याभोवती टाकला, मागे गाठ मारायला घेतली आणि शाळेची घंटा झाली. नानाचे हात थांबले.

"काय रे?"

"सर, त्याची गाठ मारतानाही घंटा झाली होती."

"कुणाची?"

"भाच्याची. तो म्हणाला होता, या घंटेला एकच सूर येतो का, लहानपणापासून डोकं उठवलंय. मी म्हटलं, घंटेशी तरी भांडू नकोस."

मी मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं. काटे आठ पंचवीसवर होते.

नाना दुसऱ्या खुर्चीतल्या वर्तमानपत्रांवर जाऊन बसला. मग म्हणाला, "केस, दाढी, कलप. पाऊण तास होता तो इथे. सर, ज्याने काही केलेलं नसतं, तोच असा झोपतो. मी त्याचं दगडाचं काळीज करून टाकलं."

"चुकून झालं."

"सही चुकून नाही झाली." तो उठला. "आधी तुमची दाढी करतो. अर्धी ठेवून कसं जायचं?"

दाढी झाल्यावर तो मागच्या खोलीत बायकोला सांगायला गेला. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

"त्या दोघींनी आपल्या लेकीच्या बाळाला स्वेटर विणले आणि तुम्ही त्यांना मारणाऱ्याला सोडवायला निघालात?"

"मारणारा तो नाही, हेच तर सांगतोय."

"मग कोण?"

"माहीत नाही."

"माहीत नाही तर गप्प बसावं माणसाने. लोकांना आत्ता कुठे झोप लागायला लागलीय."

"लागलीय ना. आणि ज्याने केलं तोही निवांत झोपलाय, याच गावात."

थोड्या वेळाने तिनेच धुतलेला पांढरा कपडा आणून दिला. नानाने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि त्यात गुंडाळलं. भिंतीवर गोल, उजळ डाग उरला.

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेला हार्डवेअरवाला हसला. "काय नाना, घड्याळाला दवाखान्यात नेतोस? आता म्हणशील, खून माझ्या घड्याळानेच केले."

"दोन कुणी केले ते मला माहीत नाही," नाना म्हणाला. "तिसरा मात्र माझ्या घड्याळाने होणार होता."

हार्डवेअरवाला उठून गेला. पुढे तो कधी त्या बाकावर बसला नाही.

चौकीत मीही नानाबरोबर गेलो. साहेबांनी टेबलावर ठेवलेलं गाठोडं बघितलं. "हे काय?"

"माझ्या जबानीतली चूक, साहेब."

नानाने घंटेपासून कलपापर्यंत सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा आंबट होत गेला. मिटलेलं प्रकरण उघडायला कुणाला आवडतं?

"दीड महिन्याने आठवलं? कुणी दम दिला का?"

"दम दिला असता तर लवकर आठवलं असतं."

"आणि तुम्ही?" साहेब माझ्याकडे वळले. "ती घंटा वेळेवर होते, कशावरून?"

"त्या शाळेत शिकवताना सदतीस वर्षं मी तिच्यावर चाललो. शिवाय त्याच घंटेला थोरली खिडकीत जिवंत होती, असं तुमच्याच कागदात लिहिलंय."

ते कागद पुन्हा वाचू लागले. आम्हाला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. नानाने एकदाही चुळबुळ केली नाही. मधल्या सुट्टीत गणित घेऊन बसायचा, तसाच बसला होता. घड्याळ त्यांनी ठेवून घेतलं.

तीन आठवड्यांनी भाचा सुटला. नानाचे आभार मानायला तो आला नाही, आणि का यावं? नानाचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. दाढीही वाढवली. रस्त्यानेही नानाला माफ केलं नाही. दारांना पुन्हा आतून कड्या लागू लागल्या आणि निम्मी गिऱ्हाइकं वरच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागली. "गेली तर गेली," नानाची बायको मला म्हणाली, "आता हे जेवायला तरी वेळेवर येतात."

पण नाना तेवढ्यावर थांबणारा नव्हता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत जातो आणि बाकावर बसतो. "साहेब, दोघी बहिणींचं कुठवर आलं?"

पहिल्यांदा त्यांनी हाकलून दिलं. चौथ्या आठवड्यात विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"गिऱ्हाईक. या शर्टाचं तिसरं बटण थोरलीने दिलंय."

मी एकदा त्याला म्हटलं, "नाना, समजा कळलं कुणी केलं, तरी का केलं ते कळेलच असं नाही."

"मान्य आहे, सर. पण कारण मी एकदा मनाने घातलं आणि माणूस जाणार होता. आता मनाने काही घालायचं नाही. जे झालं तेवढंच विचारायचं. पुन्हा पुन्हा."

परवा मी त्याच्याबरोबर गेलो, तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला भाचा बसलेला. तोही मावश्यांचंच विचारायला आला होता. नाना क्षणभर दारात थांबला, मग जाऊन मधली जागा सोडून बसला. दोघेही समोर बघत होते. समोर कपाटावर, कागदांच्या गठ्ठ्यांत, नानाचं घड्याळ चालू होतं.

"अजून पुढेच आहे," भाचा म्हणाला.

"पंचवीस मिनिटं."

भाच्याची नजर काट्यांवरच होती.

"थोरली मावशी म्हणायची, नानाकडे केस कापावेत, वेळ विचारू नये."

नानाने मान खाली घातली. "मी चुकलो," तो म्हणाला.

भाचा तिथेच बसून राहिला.

आतून साहेबांनी विचारलं, "कोण आहे बाहेर?"

"दोघी बहिणींची माणसं," भाचा म्हणाला, आणि दोघे एकदमच उठले.