साहेब तेच, चिन्ह नवं

रंगराव येरवड्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुकान जेमतेम चालायचं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांची खरी ओळख वेगळीच होती, ‘साहेबांचा माणूस’. साहेब म्हणजे तिथले आमदार. निवडणूक लागली की रंगराव दुकानाचं शटर ओढायचे आणि महिनाभर घरी पाहुण्यासारखे यायचे.

समोरच्या पक्षात त्यांचा मेहुणा होता. दत्तोबा, धाकट्या बहिणीचा, मुक्ताईचा नवरा. सुरुवातीला दोघं एकमेकांची टिंगल करत चहा प्यायचे. मग एका निकालाच्या दिवशी साहेबांची मिरवणूक दत्तोबांच्या दारावरून गेली. दत्तोबा ओट्यावर उभे राहून ओरडले, “विकत घेतलेल्या मतांचा गुलाल आमच्या दारात नको!” रंगरावांनी पुढे होऊन सगळ्या गल्लीदेखत मेहुण्याच्या कानाखाली वाजवली. साहेबांनी जीपमधून पाहिलं आणि हसून हात हलवला. त्या हाताचं रंगरावांना कितीतरी दिवस अप्रूप होतं.

पुढे भाचीचं, पायलचं लग्न ठरलं. मुक्ताई स्वतः पत्रिका घेऊन आली.

“दादा, पोरीला बोहल्यावर मामानंच न्यायचं असतं. झालं गेलं सोड.”

रंगराव विरघळले होते. पण लग्नाला त्या पक्षाचे पुढारी येणार होते. कुणी फोटो काढला तर? साहेब काय म्हणतील? ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नी यमुनाबाई साडी घेऊन एकट्याच गेल्या आणि परत आल्यावर नवऱ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. बहिणीचं येणं-जाणं तेव्हापासून बंद झालं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण राखीपौर्णिमेला मनगट मोकळंच.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी दुपारी टीव्हीवर बातमी आली, साहेबांनी आमदारकीचा राजीनामा दिला. निवडून येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. संध्याकाळी ते दत्तोबांच्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून हसत उभे होते. आमदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. ती लागली. उमेदवार कोण, तर जागा रिकामी करणारेच.

रंगराव बंगल्यावर गेले. “साहेब, लोकांना काय सांगू?”

“विकासासाठी गेलो म्हणावं. तुम्ही घरचेच, तुम्हाला काय समजवायचं?” म्हणत साहेबांनी फोन कानाला लावला.

मग दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांचा एकत्र मेळावा झाला. साहेबांनी एका बगलेत रंगरावांना घेतलं, दुसऱ्या बगलेत दत्तोबांना. “ही माझी राम-लक्ष्मणाची जोडी!” टाळ्या पडल्या, फोटो निघाले. साहेब पुढे सरकल्यावर दत्तोबा हळूच म्हणाले, “काय रंगराव, आता कानाखाली कुणाच्या वाजवायची?”

रंगरावांनी मान वळवून पुढे गेलेल्या साहेबांच्या पाठीकडे पाहिलं.

“मला तरी कुठं कुणी विचारलं?” दत्तोबा उपरणं काढून घडी घालत म्हणाले. “ज्याच्याविरुद्ध घसा फोडला, त्याचीच पत्रकं आता वाटायची.”

त्या रविवारी रंगराव पेढे घेऊन बहिणीच्या दारात गेले. मुक्ताईनं दार उघडलं, क्षणभर पाहिलं.

“या, बसा. आपण येणार असल्याचं कळवलं असतं तर बरं झालं असतं.”

लहानपणापासून ‘तू’ म्हणणारी बहीण. रंगराव खुर्चीच्या कडेवर टेकले. “मुक्ते, आता आपण एकाच पक्षात...”

“म्हणजे साहेबांनी परवानगी दिली म्हणायची.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमचं आमच्या ह्यांच्याशी भांडण मिटलं का? आम्हा मायलेकींचं तर कुणाशीच नव्हतं. पायलला शेजारच्या शंभूभाऊंनी नेलं बोहल्यावर. भर मांडवात लोक विचारत होते, मामा कुठंय? मी सांगितलं, आजारी आहे.”

एवढ्यात माहेरपणाला आलेली पायल आतून आली. तिच्या कडेवरचं पोर रंगरावांकडे बोट दाखवून म्हणालं, “हे कोण?”

“आजीचे भाऊ आहेत,” पायल म्हणाली आणि पोराला घेऊन आत गेली.

चहा आला, बशीत बिस्किटंही आली. पेढ्यांचा पुडा कुणी उघडला नाही.

मतदानाच्या दिवशी रंगरावांनी दुकान उघडं ठेवलं. यमुनाबाई मत देऊन आल्या. “तुम्ही नाही जायचं?”

“कुणाला देऊ?”

“आम्हाला काय विचारता? आजवर तुम्हीच सांगत होता की.”

साहेब आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले आणि पुढच्याच महिन्यात मंत्री झाले. शपथविधीला गाड्या भरभरून माणसं गेली. रंगरावांना निरोप आला नाही. दत्तोबांनाही आला नाही, असं कुणीतरी दुकानावर सांगून गेलं. रंगरावांना त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. बहिणीच्या घरी ते पुन्हा गेले नाहीत.