गळे मोजणारी वच्छीबाई

विळा चुलीत लाल झाला होता. माझी धाकटी जाऊ हौसा सहा महिन्यांची पोटुशी. तिचे पाय मी धरले होते. गळ्यावर पेरूएवढी गाठ. घास उतरेना, आडवं पडलं की श्वास अडके. सासूबाई गाठीवर डाग देणार होत्या.

तेवढ्यात आमच्या डोंगरातल्या गावची सुईण वच्छीबाई आत आली. तिने कळशी उचलून पेटत्या चुलीत ओतली. असं केलं की घरात मर्तिक होतं म्हणत. सासूबाईंनी तिच्या सात पिढ्या उद्धारल्या. सगळं ऐकून ती म्हणाली, "चूल परत पेटंल, आवं. गळा कुठनं आणनार तुमी?"

बाई किडकिडीत, कंबरेला सुताचा दोरा खोचलेला. दर पोटुशीचा गळा त्याने मोजायची, वाढला तर दोऱ्याला गाठ मारायची. सुनांना दटावायची, "ठुशीचा गोंडा सैल केलास, तर मला का न्हाई सांगितलं?" आम्ही हसायचो. हौसाने गोंडा दोनदा सैल केला, तेव्हा सासरचं अंगी लागलं म्हणून आम्ही खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी वच्छीबाई तिला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हा गलगंड. डोंगरातल्या मातीपाण्यात आयोडीन कमी, म्हणून गाठ वाढते. आईला ते कमी पडलं तर पोटातल्या मुलाची बुद्धी खुंटते. त्यांनी थेंबांचं औषध दिलं आणि समुद्राची मासळी खायला सांगितली.

सासूबाई माळकरी. मासळी घरात कुठली? वच्छीबाईने गोठ्यात तीन दगड मांडून सुकट शिजवली आणि त्यांना म्हणाली, "तुमी नाक धरा, ती तोंड उघडंल."

मीही दोन थेंब घ्यायला गेले, तर तिने बाटली हिसकावली. "ज्येच्या गळ्याचं त्येलाच. ह्यो काय तीर्थपरसाद न्हाई. तू सुकट खा." मी खाल्ली. पुढे कोकणातला सुकटवाला आला, की गल्लीतल्या पोटुश्या आधी धावत. दोरा दिसला की आपण होऊन मान वर करत.

हौसाची गाठ पुरती गेली नाही, पण उतरली. भाकरी जाऊ लागली. वच्छीबाई काही वर्षांनी तापाने गेली. त्याआधी हौसाचं बाळंतपण तिनेच केलं होतं. हौसा सत्तरी ओलांडून गेली. तेव्हा पोटात असलेली तिची मुलगी शिकली, मास्तरीण झाली. ती अजून आहे.