ट्यूबमधली अर्धी हवा

धाडच्या शाळेत भार्गवीबाई विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते. घरात कुणी आवाज चढवला नाही, की काही मागितले नाही. बाईंनी मात्र एक गोष्ट हट्टाने मागितली: मुलांच्या प्रयोगांसाठी शाळेमागची ग्रामपंचायतीची रिकामी खोली. आज तिचा निकाल होता. प्रयोग साधला तर खोली मुलांची, नाहीतर तिथे खताच्या गोण्या, असे सरपंच अन्नपूर्णाबाईंनी बजावले होते. दिवस नेमका बाजाराचा: रस्त्यावर जीपांची वर्दळ, दाराशी गोण्यांनी भरलेली गाडी.

खोलीत फरशीच्या तुकड्यावर लेझरचा दिवा, तिरकी काच आणि दोन आरसे मांडले होते.

"काचेपाशी प्रकाशाचे दोन वाटे होतात," बाई मुलांना सांगू लागल्या. "एक सरळ जातो, एक काटकोनात. आरशांवरून परतून दोघे भेटले, की भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. दूर कुठे विझलेले दोन अतिजड तारे एकमेकांवर आदळले, तर अवकाशच थरथरतं. ती गुरुत्वीय लहर. ती आली, की एक वाट किंचित लांबते, दुसरी आखडते आणि पट्टे हलतात. म्हणून इतर कशानेही ते हलता कामा नयेत."

बाहेरून जीप गेली. पट्टे विस्कटले.

"आदळले का जी तारे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले. मुले खिदळली.

हादरे जिरावेत म्हणून फरशीखाली जीपची ट्यूब ठेवली होती. बाईंनी ती दाबून पाहिली. दगड! इतकी टणक ट्यूब हादरे थेट वर पोचवणार. पंक्चर काढणारा ज्ञानेश्वर दारातच उभा होता.

"अरे, हवा अर्धीच भर म्हटलं होतं ना?"

"अर्ध्या हवेची ट्यूब दिली त गाव हासन मले, मॅडम! शाळेच्या कामात कंजुशी काऊन करू?"

बाईंनी हवा सोडली. फरशी खाली बसली, आरसे कलले. "चाला, गोण्या उतरवा," अन्नपूर्णाबाई उठल्या. बाईंनी एकेक आरसा केसभर सरकवत पट्टे पुन्हा जुळवले.

दुसरी जीप आली. खिडकीचे गज वाजले. पट्टे जेमतेम लवले आणि स्थिर झाले.

"लहर पकडणाऱ्या खऱ्या यंत्राच्या वाटा कित्येक किलोमीटर लांब असतात, आरसे टांगलेले," बाई पुढे सांगू लागल्या. "तरी खात्रीसाठी दुसरं यंत्र दूर ठेवतात. दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी सारखाच थरकाप उमटला, तरच ती लहर."

"म्हंजे एक धाडले अन् एक मलकापूरले?" मुलांमधल्या योगिनीने विचारले.

"त्याहूनही पुष्कळ दूर."

अन्नपूर्णाबाईंनी फरशीजवळ पाय दाणकन आपटला आणि भिंतीकडे पाहिले. पट्टे जागेवरच होते. मग कमरेला खोचलेली खोलीची किल्ली काढून बाईंच्या हातात दिली.

"गोण्या पंचायतीच्या ओसरीवर राह्यतीन. ज्ञानेश्वर, चाल बे, हात लाव."