पाणाडीमामांची उखळी तोफ

पाणाडीमामांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण पाण्याखाली काय आहे हे त्यांना कळायचं. त्यांच्या कुंभारी गावाच्या आसपास कुणाला बोअर मारायची असली की मामा तळहातावर नारळ आडवा घेऊन रानभर फिरत. पाणी असेल तिथे नारळ उभा राही. आईच्या नात्यातले म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो, मग शहरात नवी पेठेतल्या माझ्या गेमिंग सेंटरवर येणारी सगळीच म्हणायला लागली.

बाजाराला आले की दुपारी ते माझ्याकडे पंख्याखाली टेकायचे. "एवढं पानी कुटल्या गावचं रं?" असं एकदा स्क्रीनवरच्या समुद्राकडे बघत त्यांनी विचारलं आणि मी हौसेने जहाजांच्या लढाईचा खेळ दाखवून बसलो. बाकीच्यांना मोठ्या तोफा आवडत. मामांना आवडली ती पाणबुड्या बुडवायला असलेली, जहाजाच्या पुढच्या टोकावरची उखळी तोफ. ती एका दमात बॉम्बचं कडंच पुढे पाण्यात फेकते. बॉम्ब कशाला तरी लागला तरच फुटतो, नाहीतर गुपचूप तळाला जातो. "लई गुनाची हाय ही," मामा म्हणायचे, "खाली कुनी नसंल तर आवाज करत न्हाय."

पाणबुडी अगदी जवळ आली की पडद्यावरची तिची खूण नाहीशी होते आणि अंदाजाने मारावं लागतं. तिथे आमची सगळ्यांची भंबेरी उडायची. मामा डावा हात टेबलावर पालथा ठेवायचे, डोळे मिटायचे. "हात जड झाला. मार की आता!" मी कळ दाबायचो आणि धाड! सगळे टाळ्या पिटायचे, माझ्या अंगावर मात्र काटा यायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "आत मानसं असत्यात?"

"असतात की. आपल्यासारखीच, कुठेतरी घरी बसून खेळणारी."

"मरत्यात?"

"पुढच्या डावात परत येतात, मामा."

मामांचा धाकटा भाऊ आप्पा, त्यांनीच जागा दाखवलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरला होता. तो जिवंत वर आला नाही.

त्या शेवटच्या दुपारी शत्रूच्या दोन्ही पाणबुड्या बुडाल्या होत्या. मामांचा हात टेबलावरच होता.

"अजून एक हाय."

"मामा, संपल्या सगळ्या."

"मार म्हनतो न्हवं!"

मी हसत कळ दाबली. बॉम्ब बुडाले. आणि एक फुटला. नुसता आवाज. पाणी उसळलं नाही, गुण मिळाले नाहीत. मामांनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "आप्पा हुता," एवढंच म्हणाले आणि बाजाराची पिशवी तिथेच टाकून जिना उतरले.

मी त्या डावाचं रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा लावलं. त्यात बॉम्ब खाली जातात, आवाज नाही.

हे सांगायला दुसऱ्याच दिवशी कुंभारीला गेलो. मामा अंथरुणावर होते. "मामा, रेकॉर्डिंगमध्ये स्फोटच नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "यंत्राचं ऱ्हाऊ दे. तू ऐकलास का न्हाय?"

ते माझ्याकडे एक 'नाही' मागत होते. धंद्यात मी रोज दहा थापा मारतो.

"ऐकला, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. महिन्याभरात ते गेले. तोवर ते कुणाशी बोलले नाहीत, असं मामी सांगत होती. एवढ्या मायेच्या माणसाला मी अकरावी थाप मारली असती, तर माझं काय जाणार होतं?