शेकोटीवरची जागा

सांगलीच्या दवाखान्यात नर्सबाईंनी पिशवीचं सगळं नीट समजावून सांगितलं, पण थंडीचा चकार शब्द काढला नाही. काढणार कशा? सांगलीत थंडी असते कुठं? तिथं माझी लेक राहते. ती डिसेंबरातसुद्धा पंखा लावते. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. इथं पौषात सकाळी नळाखाली हात धरला तर बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, कळत नाही.

माझ्या आतड्यात गाठ निघाली. ती कापली, खालची वाट कायमची बंद केली आणि आतड्याचं तोंड डाव्या कुशीला पोटावर काढून ठेवलं. त्याच्याभोवती चिकटणारी चकती बसवायची आणि चकतीला पिशवी. जे खाली जायचं ते आता पिशवीत जमतं. भरली की ओतायची, धुवायची. एवढंच आहे, पण हे ऐकताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की आता सांगायचंच सोडून दिलं.

थंडीत ती चकती पापडासारखी कडक होते. पोटाला लावली तरी कड उचलून बसते. मग मी सकाळी उठून ती काखेत धरून अर्धा तास घोंगडीत बसायचो. बायको म्हणायची, "अंडी उबवायला बसलाय व्हय?" मी चिडायचो आणि तिला हसू यायचं. पण पाणी कोमट करून द्यायची तीच. गार हात पोटाला लागला की ते आतडंसुद्धा अंग चोरून घेतं, हे तिनंच पहिल्यांदा बघितलं. लेंग्याची नाडी आवळली तर पिशवी दबते आणि सैल सोडली तर लेंगा घसरतो. उभा जन्म ट्रक चालवला, कराड-सांगली गूळ वाहिला, घाटात ब्रेक तापल्याचा वास ओळखायचो, आणि आता स्वतःचा लेंगा सांभाळता येईना.

हे सगळं मी सोसलं असतं. माझं दुखणं वेगळंच आहे.

आमच्या आळीत सकाळी पाराजवळ शेकोटी पेटते. दिवस वर येईपर्यंत सगळे गडी तिथं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, सगळं तिथंच कळतं. भिंतीच्या बाजूची जागा माझी. वारा लागत नाही, धग थेट छातीवर येते. ट्रक सोडून घरी बसलो तेव्हापासून माझा दिवस त्या जागेवरून सुरू व्हायचा. दुखण्यातून उठल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे सरकले, जागा करून दिली. पोटातनं आवाज निघाला, तेव्हा माझा लहानपणापासूनचा दोस्त, जो गवंडीकाम करतो, म्हणाला, "आरं, हॉर्न कशापायी वाजवतोस? रस्ता मोकळा हाय की!" सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगतो, ऑपरेशननंतर इतकं बरं मला दुसऱ्या कशानं वाटलं नव्हतं.

मग ती सकाळ आली. दव पडलं होतं, थंडी मी म्हणत होती. कुणीतरी शेकोटीत बाभळीचा ओंडका घातला आणि मला अजून पुढं ओढलं, "ये रं, आजारी माणूस, शेक जरा." मी शर्ट सैल करून पोट शेकत बसलो. गरमीनं चकती वितळल्यासारखी मऊ झाली आणि सुटली. मला कळायच्या आधी दुसऱ्यांना कळलं. आदल्या रात्री पावट्याची आमटी खाल्लेली. पुढचं काय सांगू? मी घोंगडीत सगळं दाबून धरलं आणि घराकडं पळालो. मागं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

लेकीनं सांगलीला नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाळाजवळ अजिबात बसायचं नाही, चकती सुटते. मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? मी फोनवरच ओरडलो.  लेकीचा काय दोष होता? कुणाचाच नव्हता, म्हणून तर जास्त संताप येत होता.

काही दिवस मी घराबाहेर पडलो नाही. बायको चुलीपाशी बसा म्हणायची. चुलीपाशी काय बसतोय, तिथं बोलायला भांडीच. मग एकदा गवंडी आपण होऊन आला. म्हणाला, "किती दिस घरात बसणार? चल की. आमी वाट बघतोय." मी त्याला नर्सबाईंचं सांगितलं. तो म्हणाला, "मग लांबनं शेक. चल."

मी नवा स्वेटर घालून गेलो. बघतो तर सगळे पोत्यावर, दगडावर बसलेले, आणि पाराच्या पलीकडं, वारा जिकडं वाहून जातो त्या अंगाला एक प्लॅस्टिकची खुर्ची. "तुझ्यासाठी ठिवलीया," गवंडी म्हणाला, "तुला खाली बसाय तरास हुतो न्हवं?" आवाज गोड होता. मला खाली बसायला कधीच त्रास नव्हता.

माझं डोकं सटकलं. मी खुर्ची उचलली आणि थेट शेकोटीपाशी, माझ्या जागेवर आणून आदळली.  एकाला धार काढायची आठवण झाली. दुसऱ्याला बंबात लाकडं घालायची होती. गवंडी खाली बघत काडीनं राख उकरत होता. थोड्या वेळानं तोही उठला, "आलोच" म्हणून. मी एकटा त्या एवढ्या मोठ्या जाळापुढं बसलो होतो. नर्सबाईंची आठवण झाली, तशी मीच खुर्ची उचलून परत होती तिथं नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि मुकाट्यानं त्याच खुर्चीवर बसलो. लाज वाटते सांगायला, पण घरात एकट्यानं बसवत नव्हतं. हळूहळू सगळ्यांची तोंडं सैल झाली. म्हशीच्या गोष्टी, स्थळांच्या गोष्टी. मला अर्ध्याच ऐकू यायच्या. धग तर येतच नव्हती. पण त्यानंतर हिवाळाभर माझी चकती एकदाही सुटली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला कुणाचा तरी पाव्हणा रहिमतपुराहून आला होता. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मला कुडकुडताना बघून तो सरकला आणि शेजारचा दगड थोपटत म्हणाला, "आवं बाबा, तिकडं लांब का बसलाय? या की हितं."

कुणी वर बघेना. गवंडीच शेवटी म्हणाला, "न्हाई पाव्हणं, त्यास्नी धग सोसत न्हाई."

पाव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. माझे दात वाजत होते.

"व्हय," मी म्हणालो, "न्हाई सोसत."